मीटर म्हणतो पाव व्होल्ट, वायरमध्ये मात्र पाच

कोपरखैरण्याला आमच्या इमारतीच्या गच्चीवर पाण्याची टाकी आहे. ती भरून वाहू नये म्हणून शेजारच्या मुलाने (डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे तो) झाकणाच्या आतून ध्वनिलहरींचा सेन्सर बसवला आणि ईएसपी-32 या वायफाय बोर्डाला जोडला. दीड महिना मोबाइलवर पाण्याची पातळी छान दिसली. मग एके सकाळी आकडाच येईना. सेन्सर बदलला, वायर बदलली, फरक नाही. शेवटी तीच वायर बोर्डाच्या दुसऱ्या पिनला लावली आणि आकडा आला. गेली होती ती एक पिन.

"काका, मी त्या वायरला मल्टिमीटर लावून बघितलं होतं," तो म्हणाला. "फक्त पाव व्होल्ट दाखवत होता."

मीटरचं चुकलं नव्हतं. सेन्सर आवाजाचा स्पंद सोडतो आणि प्रतिध्वनी परत येईपर्यंत आपली इको पिन 'हाय', म्हणजे 5 व्होल्टवर, धरून ठेवतो. पाणी अर्धा मीटर खाली असेल तर आवाजाला जाऊन-येऊन एक मीटर पडतो. सेकंदाला साधारण 340 मीटर वेगाने त्याला जेमतेम 3 मिलिसेकंद लागतात. मापन दर 60 मिलिसेकंदांनी होत होतं, म्हणजे उरलेले 57 मिलिसेकंद पिन शून्यावर. साधा मल्टिमीटर या सगळ्याची सरासरी दाखवतो: पाचाचा विसावा भाग, पाव व्होल्ट. पण त्या 3 मिलिसेकंदांत वायरवर पुरते 5 व्होल्ट असतात, आणि असं सेकंदाला 16 वेळा होतं.

सेन्सर 5 व्होल्टचा, ईएसपी-32 मात्र 3.3 व्होल्टचा. त्याच्या पिनला पुरवठ्यापेक्षा 0.3 व्होल्ट जास्त, म्हणजे 3.6 पर्यंतच चालतं. चिपमधले ट्रान्झिस्टर जसे लहान होत गेले तसा त्यांच्यातला इन्सुलेशनचा थर नॅनोमीटरमध्ये मोजावा इतका पातळ झाला. त्याला 5 व्होल्ट झेपत नाहीत. दाब (म्हणजे व्होल्ट) कमी केल्याने वीजही वाचते, कारण ती दाबाच्या वर्गाप्रमाणे घटते: 5 वरून 3.3 वर आलं की त्याच कामाला सुमारे 44 टक्के वीज पुरते. बहुतेक चिपमध्ये प्रत्येक पिनपाशी संरक्षक डायोड असतात, जादा दाब ते पुरवठ्याकडे वळवतात. पण ते असतात हाताच्या स्थिर विजेचा क्षणभराचा झटका सोसायला, रोजचा भार वाहायला नव्हे. पिन पहिल्याच दिवशी जळली असती तर बरं, निदान चूक कळली असती. ती आठवडे-महिने काम करते आणि आपल्याला वाटतं, सगळं ठीक आहे. मला याचीच सगळ्यात जास्त काळजी वाटते.

उपाय काही पैशांचा निघाला. तपकिरी-काळा-लाल पट्ट्यांचे, 1 किलोओहमचे तीन रेझिस्टर एकापुढे एक जोडले. एक टोक इकोला, दुसरं ग्राउंडला (म्हणजे शून्य व्होल्टच्या वायरला), आणि पहिल्या रेझिस्टरनंतरच्या सांध्यावरून वायर बोर्डाला. पाचाचे दोन तृतीयांश, 3.33 व्होल्ट. मात्र ही युक्ती एकाच दिशेला चालते. आय-टू-सी या चिपच्या आपसातल्या जोडणीसारख्या, दोन्हीकडून बोलणाऱ्या वायरींना मॉसफेट या ट्रान्झिस्टरचा लेव्हल शिफ्टरच (व्होल्ट बदलून देणारा छोटा बोर्ड) लागतो, तो तयार मिळतो.

जोडल्यावर आकडे वेडेवाकडे यायला लागले. सेन्सरला वेगळा चार्जर होता आणि दोन्हींचं ग्राउंड जोडायचं राहून गेलं होतं. व्होल्ट म्हणजे दोन बिंदूंमधला फरक. शून्य कुठे धरायचा हेच दोन बोर्डांचं वेगवेगळं असेल तर 3.33 ला काही अर्थ उरत नाही. म्हणून ग्राउंड सगळ्यात आधी जोडायचं आणि सगळ्यात शेवटी काढायचं. एक बोर्ड बंद असताना दुसऱ्याने त्याला सिग्नल पाठवायचा नाही, हेही पाळायचं. नाहीतर त्याच संरक्षक डायोडमधून बंद बोर्डात वीज शिरते.

गणपतीच्या आराशीला त्याने याच जातीच्या बोर्डावर रंगीत एलईडीची पट्टी चालवली, तेव्हा अडचण उलटी आली. डब्ल्यूएस-2812-बी जातीची पट्टी 5 व्होल्टची. तिला सिग्नल 'एक' आहे (शून्य नाही) हे समजायला पुरवठ्याच्या 70 टक्के, म्हणजे 3.5 व्होल्ट लागतात, आणि बोर्ड देतो 3.3. यात काही जळत नाही, पण रंग मध्येच भलतेच उमटतात. मध्ये 5 व्होल्टवर चालणारी 74-एएचसीटी-125 ही चिप घातली. ती 2 व्होल्टच्या वरच्या सिग्नलला 'एक' मानते आणि पुढे पूर्ण 5 व्होल्टचा सिग्नल देते. आरतीच्या वेळेपर्यंत मखरातले दिवे स्थिर झाले होते.