मुलाला संशोधनात सहभागी करायचं आहे? पात्रता, कागदपत्रं आणि संमतीची प्रक्रिया

मुंबईत केईएम, सायन, नायर किंवा वाडियाच्या ओपीडीत ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, फिट्स किंवा उशिरा बोलणं अशा तक्रारींसाठी मुलाला नेणाऱ्या पालकांना कधी विचारलं जातं, 'आमचा एक अभ्यास सुरू आहे, बाळाला त्यात घ्यायचं का?' असे अभ्यास हवेतच. भारतातल्या मुलांच्या मेंदूविकासाच्या विकारांवर २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत २ ते ९ वर्षांची ३,९६४ मुलं होती. ती पाच ठिकाणची होती. त्यात उत्तर गोवा होता, मुंबई नव्हती. पण हो म्हणायच्या आधी पुढचं वाचा.

अभ्यास खरा आहे का, हे आधी तपासा. औषध किंवा उपचारपद्धतीची चाचणी असेल तर सीटीआरआय नोंदणी क्रमांक मागा. सीटीआरआय म्हणजे देशातल्या अशा चाचण्यांची राष्ट्रीय नोंदवही. ती ऑनलाइन कुणालाही पाहता येते. आजाराचं नाव टाकून शोधलं, तरी सुरू असलेल्या चाचण्या, रुग्णालयं आणि संपर्क सापडतात. एथिक्स कमिटीच्या, म्हणजे अभ्यास नैतिक आहे का हे तपासणाऱ्या समितीच्या, मंजुरीचं पत्रही मागायला संकोच करू नका.

पात्रता प्रत्येक अभ्यासाची वेगळी असते: वय, निदान, सुरू असलेली औषधं, आधीच दुसऱ्या चाचणीत असणं. मूल निकषात बसलं नाही, तर त्याचा अर्थ एवढाच की तो अभ्यास त्याच्यासाठी आखलेला नव्हता. त्यात कुणाचं काही चुकलेलं नाही.

कागदपत्रांत जन्मदाखला, आई-वडिलांचं ओळखपत्र, सगळे केसपेपर, जन्मानंतर एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) ठेवलं असल्यास तिथलं डिस्चार्ज कार्ड, एमआरआय आणि ईईजीचे रिपोर्ट, सध्याच्या औषधांची चिठ्ठी आणि लसीकरण कार्ड बरोबर ठेवा. मूल आजी किंवा मामाकडे वाढत असेल, तर कायदेशीर पालकत्वाचा कागद लागू शकतो, कारण सही कायदेशीर पालकाचीच चालते. मूळ रिपोर्ट देऊ नका, झेरॉक्स द्या.

आता संमतीपत्र. यात घाई अजिबात करू नका. ते मराठीत मागा, घरी न्या, रात्री निवांत वाचा. वाचता येत नसेल, तर त्रयस्थ साक्षीदारासमोर ते वाचून आणि समजावून सांगणं बंधनकारक आहे. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार धोका अगदी कमी असेल किंवा मुलाला थेट फायदा असेल, तर एका पालकाची सही पुरते. नाहीतर दोघांची लागू शकते. मुलाचंही मत घ्यायचं असतं: ७ ते १२ वर्षांपर्यंत तोंडी होकार, १२ ते १८ पर्यंत लेखी. बोलता न येणारं मूलही नकार दाखवतं, आणि तो नकार ओळखणारी पहिली माणसं तुम्हीच असता. पूर्णपणे नव्या रेणूच्या औषधाची चाचणी असेल, तर मुलांच्या बाबतीत संमती देतानाचं ऑडिओ-व्हिडिओ चित्रण होतं. रक्त किंवा डीएनएचा नमुना घेणार असतील, तर तो किती काळ ठेवणार, पुढे कशासाठी वापरणार, परदेशी पाठवणार का, हे कागदावर असलंच पाहिजे.

पैशांविषयी स्पष्ट सांगायला हवं. अभ्यासासाठीच्या तपासण्या आणि औषधांचा खर्च पालकांकडून घ्यायचा नसतो. उलट प्रवासखर्च आणि बुडालेल्या रोजाची भरपाई मागता येते. औषध चाचणीमुळे इजा झाली, तर २०१९ च्या नियमांनुसार मोफत उपचार आणि नुकसानभरपाई मिळते. म्हणूनच 'संशोधन' म्हणत कुणी ऑटिझम किंवा सेरेब्रल पाल्सीसाठी स्टेम सेलचं लाखोंचं पॅकेज पुढे केलं, तर सही करू नका. स्टेम सेल म्हणजे शरीरातल्या मूळ पेशी. त्यांच्यावरच्या संशोधनासाठी आयसीएमआरची २०१७ चीच वेगळी मार्गदर्शक तत्त्वं आहेत. त्यांनुसार रक्ताच्या काही ठरावीक आजारांमधलं प्रत्यारोपण सोडलं, तर स्टेम सेल मंजूर चाचणीबाहेर देताच येत नाहीत. दागिने गहाण ठेवून आलेल्या आईबापांपुढे असं पॅकेज मांडणं हा अन्याय आहे.

नाही म्हणालात किंवा मध्येच बाहेर पडलात, तरी मुलाचे नेहमीचे उपचार आणि थेरपी थांबवता येत नाहीत. सही केल्यावर संमतीपत्राची प्रत घ्या. त्यावर मुख्य संशोधक आणि एथिक्स कमिटीचा फोन नंबर असतो. तक्रार थेट कमिटीकडे करता येते. अभ्यास लांबला आणि मूल १८ वर्षांचं झालं, तर त्याची स्वतःची संमती नव्याने घ्यावी लागते.