पतधोरण समिती (रिझर्व्ह बँक)

बँकांना रिझर्व्ह बँकेकडून अल्प मुदतीसाठी पैसे उचलताना जे व्याज पडते तो रेपो दर. हा दर ठरवणारी सहा जणांची वैधानिक समिती म्हणजे पतधोरण समिती. ती २०१६ साली स्थापन झाली. त्याआधीची ८१ वर्षे हा निर्णय कायद्याने गव्हर्नरांचा होता; व्यवहारात अर्थखात्याची छाया त्यावर कायम असे.

बँक १ एप्रिल १९३५ रोजी सुरू झाली आणि पहिल्याच गव्हर्नरांचे सरकारशी बिनसले. सर ऑस्बोर्न स्मिथ यांचे व्याजदर आणि रुपयाचा विनिमय दर यांवरून अर्थसदस्य (व्हाइसरॉयच्या मंडळातले अर्थखात्याचे प्रमुख) जेम्स ग्रिग यांच्याशी खटके उडाले आणि १९३७ साली ते पायउतार झाले. त्यांची सही एकाही नोटेवर नाही. १९४३ मध्ये चिंतामणराव देशमुख पहिले भारतीय गव्हर्नर झाले. महाडजवळच्या नाते येथे जन्मलेले देशमुख १९५० साली अर्थमंत्री झाले, म्हणजे टेबलाच्या पलीकडच्या बाजूला जाऊन बसले. त्यांच्यानंतरचे बेनेगल रामा राव यांनी अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांच्याशी झालेल्या वादातून जानेवारी १९५७ मध्ये राजीनामा दिला. पंतप्रधान नेहरूंनी मंत्र्यांची बाजू घेतली होती.

गव्हर्नर कितीही खमक्या असला तरी एक गोष्ट त्याच्या हाती नव्हती. सरकारला तूट पडली की तदर्थ कोषागार हुंड्या (सरकारची अल्प मुदतीची कर्जरोखे) निघत आणि बँकेला नोटा छापून त्या भागवाव्या लागत. गव्हर्नर सी. रंगराजन यांच्या कारकिर्दीत, सरकार आणि बँक यांच्यातल्या १९९४ च्या करारानंतर टप्प्याटप्प्याने, एप्रिल १९९७ मध्ये ही प्रथा बंद झाली. समितीपेक्षाही हा बदल मोठा मानावा लागेल, कारण नळ दुसऱ्याच्या हाती असताना दराची चर्चा फोल असते.

२००५ पासून एक तांत्रिक सल्लागार समिती होती, पण तिचा सल्ला बंधनकारक नव्हता. रघुराम राजन गव्हर्नर असताना ऊर्जित पटेल समितीने जानेवारी २०१४ मध्ये महागाईचे लक्ष्य आणि मतदानाने निर्णय सुचवला. कायदा बदलला आणि ३ व ४ ऑक्टोबर २०१६ रोजी, तोवर गव्हर्नर झालेल्या खुद्द पटेल यांच्याच अध्यक्षतेखाली, पहिली बैठक झाली. रेपो दर एकमताने ६.५० वरून ६.२५ टक्क्यांवर आला.

समितीत तिघे बँकेचे (गव्हर्नर, एक डेप्युटी गव्हर्नर, एक अधिकारी) आणि तिघे सरकारने नेमलेले बाहेरचे तज्ज्ञ असतात. बाहेरच्यांची मुदत चार वर्षे, फेरनेमणूक नाही. समसमान मते पडली तर गव्हर्नरांचे निर्णायक मत. २०२० मध्ये जुन्या तिघांची मुदत संपली, नवी नावे वेळेत आली नाहीत आणि ठरलेली बैठकच पुढे ढकलावी लागली.

दर सहसा पाव टक्क्याच्या पटीत हलतो. ऑगस्ट २०१९ मध्ये मात्र तो ०.३५ ने उतरून ५.४० टक्के झाला. पाव टक्का अपुरा, अर्धा जास्त, असा गव्हर्नर शक्तिकांत दास यांचा खुलासा. कपात सहाही जणांना हवी होती; बाहेरच्या तज्ज्ञांपैकी चेतन घाटे आणि पमी दुआ यांनी पाव टक्क्यासाठी मत दिले. कोणी काय मत दिले आणि का, हे चौदाव्या दिवशी इतिवृत्तात नावानिशी छापून येते. ब्रिटनच्या मध्यवर्ती बँकेत, बँक ऑफ इंग्लंडमध्ये, मर्व्हिन किंग यांच्यावर गव्हर्नर असूनही अल्पमतात जाण्याची वेळ आली होती. रिझर्व्ह बँकेत अजून तसे घडलेले नाही.

लक्ष्य चार टक्के महागाईचे, दोन टक्के वर किंवा खाली चालते. सलग तीन तिमाहींत सरासरी या पट्ट्याबाहेर गेली तर बँकेने सरकारला कारणे लेखी कळवायची. २०२२ मध्ये ती वेळ आली. ३ नोव्हेंबरला खास बैठक झाली, पत्र गेले. मजकूर जाहीर झाला नाही. तशी तरतूद कायद्यात नाही, असे सरकारने संसदेत सांगितले.