घडीचा चाकू : संग्रह आणि पारख

घडीचा चाकू म्हणजे ज्याचे पाते मुठीत मिटते आणि जो खिशात किंवा चंचीत सहज मावतो, असा लहान चाकू. प्रस्तुत नोंद पारंपरिक बांधणीच्या चाकूंपुरती आहे. त्यांचे पाते साधारण दोन ते तीन इंचांचे असते, बहुतेकांत उघडलेले पाते पक्के अडकवणारा खटका नसतो आणि पात्यावरच्या खाचेत नख घालून ते ओढावे लागते. बटण दाबताच उघडणारा चाकू आणि लांब पात्याचा रामपुरी हे प्रकार असे चाकू जमवण्याच्या छंदात मोडत नाहीत. तरीही ‘चाकू’ म्हटले की मराठी माणसाला आधी मारामारी आठवते. ज्या वस्तूने बांधावर पेरू चिरले, बोरू तासले आणि पोत्याची सुतळी कापली, तिची ओळख गुन्ह्याच्या बातमीपुरती उरावी, हा तिच्यावर मोठा अन्याय आहे.

या चाकूचा सगळा जीव कमानीत असतो. कमान म्हणजे मुठीच्या पाठीशी बसवलेली पोलादी पट्टी. पात्याचे बूड मुठीच्या तोंडाशी एका रिबिटावर फिरते आणि कमानीचे मोकळे टोक त्या बुडावर सतत दाब देत राहते. पाते फिरवू लागले की बुडाचा कोपरा कमानीला उचलतो आणि कोपरा ओलांडताच ती पुढच्या सपाट कडेवर आदळून ‘टक्’ असा आवाज होतो. बूड चौकोनी घडवलेले असेल, तर पाते काटकोनात आल्यावर एकदा थबकते, आणि मिटताना बोटे सावरायला तेवढी सवड मिळते. कमान पाते धरून ठेवते, अडकवून टाकत नाही. म्हणून या चाकूने टोचण्याचे किंवा पात्याच्या पाठीवर जोर पडेल असे काम करू नये, कारण पाते उलटून बोटांवर मिटते. मुठीत आतून पितळी पत्रे असतात, त्यांवर लाकूड, हाड किंवा शिंग चढवलेले असते आणि टोकांना अनेकदा जर्मन सिल्व्हर या चांदीसारख्या दिसणाऱ्या मिश्रधातूच्या टोप्या असतात.

पारख करायची ती डोळा, नख आणि कान या तिघांनी. इंग्लंडमधल्या शेफिल्डचा एखादा जुना दोनपाती चाकू हाती आला, तर तो आधी उजेडाकडे धरून पाहावा. कमान आणि पितळी पत्रा यांच्यामधून उजेडाची रेघ दिसली, तर जोडकाम ढिले आहे. मग मुठीच्या पाठीवरून नख आडवे फिरवावे. पाते मिटलेले असताना आणि पूर्ण उघडलेले असताना, दोन्ही वेळा कमान पत्र्यांशी समतल लागली पाहिजे. एका स्थितीत समतल आणि दुसऱ्या स्थितीत बुडालेली किंवा वर आलेली कमान पुष्कळ चाकूंत सापडते. दोन्हीकडे नख न अडखळता सरकले, तर तो चाकू जाणत्या हाताने घडवला आहे असे समजावे. त्यानंतर पाते सावकाश उघडून आवाज ऐकावा, कारण मलूल कमानीचा आवाज बोदा येतो. शेवटी पाते पाहावे. पिढ्यान्‌पिढ्या धार लावून ते दाभणासारखे निमुळते झाले आहे का, की मूळ रुंदी टिकून आहे, हे बुडाजवळच्या भागाशी ताडून कळते. साध्या पोलादावर कैरी, लिंबू, कांदा चिरून आलेला निळसर-काळा थर हा दोष नव्हे. तो हौसेने घासून काढणे आणि बफ लावून पाते आरशासारखे करणे म्हणजे जुन्या चाकूची हत्याच, कारण त्यात कडा गोल होतात आणि पात्यावरचे निर्मात्याचे ठसे पुसले जातात.

ठशांवरून काळ ठरवता येतो. शेफिल्डच्या जोसेफ रॉजर्स या घराण्याची तारा आणि माल्टीज क्रॉस ही मुद्रा १६८२ सालची. पात्यावर मुकुटासह व्हिक्टोरिया राणीची आद्याक्षरे असतील, तर चाकू सामान्यतः १९०१ पूर्वीचा मानतात. या मुद्रेच्या नकलाही पुष्कळ झाल्या, त्यामुळे ठसा पाहून हुरळण्यापेक्षा आधी कमान पाहावी.

मिटणारे पाते ही कल्पना फार जुनी आहे. ऑस्ट्रियातील हालश्टाट येथे इ.स.पूर्व सुमारे ६००–५०० या काळातला हाडाच्या मुठीचा नमुना सापडला आहे. संग्राहकांना प्रिय असलेल्या अर्वाचीन चाकूंपैकी फ्रान्सच्या साव्हॉय प्रांतातला ओपिनेल १८९० चा. त्याची मूठ बीच लाकडाची असते आणि पाते अडकवणारे त्यावरचे फिरते कडे १९५५ मध्ये आले. स्विस अधिकाऱ्यांच्या चाकूची नोंदणी कार्ल एल्सनर यांनी १८९७ मध्ये केली. जपानी हिगोनोकामीला तर कमानच नसते. बुडामागच्या लहान दांडीवर अंगठा ठेवून पाते उघडे धरावे लागते, आणि इतका साधा चाकू इतका देखणा असू शकतो, हे तो हाती घेतल्याशिवाय पटत नाही.

मराठी लेखनाशी या चाकूचे नाते थेट आहे. मोडीची दप्तरे ज्या बोरूने लिहिली गेली, त्याचे टोक तिरके कापून मधोमध चीर पाडायला बारीक, टोकदार धार लागे. त्यासाठीच्या चाकूला कलमतराश म्हणत. इंग्रजीतला ‘पेननाइफ’ हा शब्दही पिसाची लेखणी तासण्यावरूनच आला आहे.

कोल्हापुरात शस्त्रांचा मान मोठा आहे. तालमींतून मर्दानी खेळ टिकून आहेत, नवीन राजवाड्याच्या संग्रहालयात तलवारी पाहायला गर्दी होते. लहान चाकूकडे मात्र कोणी वळून पाहत नाही. खरे तर त्याची पारख या शहराला उपजतच असायला हवी. शिवाजी उद्यमनगरातला फिटर ‘केसाएवढी फट’ बोटाने ओळखतो आणि कमानीची पारख म्हणजे नेमके हेच काम आहे. घराघरातले जुने अडकित्तेही एकाच रिबिटावर फिरणारे, म्हणजे या चाकूचे सख्खे भाऊबंद. अनेक संग्रहांची सुरुवात आजोबांच्या चंचीतल्या अडकित्त्यापासून होते, ती यामुळेच. खंडेनवमीला विळी, कोयता, पान्हे यांच्या शेजारी असा चाकू हळदकुंकू लावून मांडला जातो. पूजेनंतर मात्र तो लगेच पुसावा, कारण ओले कुंकू पात्यावर डाग सोडते.

जपणुकीत कोल्हापूरचा पावसाळा हाच मुख्य शत्रू. चाकू चामड्याच्या पाकिटात बंद ठेवू नये, कारण कातड्यात ओल धरते, पाते गंजते आणि पितळी पत्र्यांवर हिरवा कळंक चढतो. सांध्याला शिलाई मशीनचे तेल थेंबभर पुरते, तर खाद्यतेल कालांतराने चिकट होऊन पाते जखडते. सेल्युलॉइड या जुन्या प्लॅस्टिकच्या रंगीत मुठी वेगळ्या, हवेशीर ठेवाव्यात. त्या कुजू लागल्या की त्यांतून आम्लयुक्त वाफा सुटतात आणि पेटीतले बाकीचे चाकूही गंजतात. धार निसण्यावर, हाताने, पाण्याचा किंवा तेलाचा हात देत लावावी. फिरत्या चाकावर पाते तापून निळे पडले, तर त्याचे पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरले असे समजावे आणि ते पुन्हा दिल्याशिवाय धार टिकत नाही.

शस्त्र कायदा, १९५९ खालील नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्यांचा विचार केला आहे आणि खिशातले चाकू त्या मापात येत नाहीत. मात्र महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली मनाई आदेश लागू असताना शस्त्रे बाळगून फिरण्यास बंदी असते, तेव्हा चाकू घरीच ठेवावा. काही जुन्या चाकूंच्या मुठी हस्तिदंताच्या किंवा सांबरशिंगाच्या असतात. त्यांचा व्यापार वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार बंद आहे, त्यामुळे असा चाकू कितीही मनात भरला तरी विकत घेऊ नये.