मशिनचा नंबर म्हणजे चष्म्याचा नंबर नव्हे

"डोळे कॉम्प्युटरवर तपासले की नंबर अचूकच, तक्ता वाचायची गरज नाही," हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. साताऱ्यातही चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाईक हेच म्हणतं. तसं वाटणं साहजिक आहे. मशिन काही सेकंदांत चिठ्ठी छापून देतं.

मशिन डोळ्यात इन्फ्रारेड प्रकाश सोडतं आणि आतल्या पडद्यावरून परतणाऱ्या प्रकाशावरून नंबर काढतं. मशिनमध्ये दिसणारा तो फुगा किंवा लांबचा रस्ता (सगळ्यांना आठवतो!) नजर दूरवर सैल सुटावी म्हणून असतो. पण मशिन नाकासमोर आहे हे जाणवून डोळा, विशेषतः लहान मुलांचा, जवळचा फोकस धरतो आणि मायनस नंबर उगाच जास्त येतो. म्हणून मुलांच्या डोळ्यांत बऱ्याचदा आधी फोकस सैल करणारे थेंब घालतात. मशिनचा आकडा ही सुरुवात. पुढे पाव-पाव नंबरनं भिंगं बदलत तक्ता वाचून घ्यावाच लागतो.

पडताळा सोपा आहे. मशिनची चिठ्ठी मागून घ्या. एकाच डोळ्याची रीडिंग बऱ्याचदा थोडी वेगवेगळी दिसतात. मग ट्रायल फ्रेम (तपासणीची भिंगं बसवलेली तात्पुरती फ्रेम) घालून दारात या, अजिंक्यताऱ्याकडे बघा, चार पावलं चाला. गरगरलं तर तिथेच सांगा, काचा कापायच्या आधी.