नव्याचे नऊ दिवस, आणि दहावा

माझ्या कपाटात जुन्या डायऱ्यांची एक चळत आहे. त्यातली कुठलीही उघडली तरी चित्र तेच. जानेवारीचा पहिला आठवडा गच्च भरलेला, दुसऱ्या आठवड्यात अक्षर मोठं आणि मजकूर छोटा झालेला, आणि मग एक कोरं पान. त्यापुढे बहुतेक सगळंच कोरं. याला आपण ‘नव्याचे नऊ दिवस’ म्हणतो, असं वागणाऱ्याला ‘आरंभशूर’ म्हणतो, आणि दोन्ही म्हणताना ओठ जरा वाकडे होतातच. मला मात्र हल्ली त्या भरलेल्या पानांपेक्षा पहिल्या कोऱ्या पानाचं कुतूहल वाटतं. एका दिवसाचा खाडा पडला होता, इतकंच. मग पुढच्या साडेतीनशे पानांनी काय घोडं मारलं होतं?

मानसशास्त्रज्ञांनी या प्रश्नावर बरंच डोकं खाजवलं आहे. त्यांच्या उत्तरात आळस आणि इच्छाशक्ती येतात, पण त्याहून जास्त येतं ते खाडा पडल्यावर माणूस स्वतःशी काय बोलतो हे.

आधी पहिल्या दिवसाबद्दल. तारखेचा आकडा बदलल्याने माणूस बदलत नाही हे खरं, पण त्याचं वागणं थोड्या दिवसांपुरतं नक्की बदलतं. हेंगचेन डाय, कॅथरिन मिल्कमन आणि जेसन रीस यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात गूगलवरचे ‘डाएट’ या शब्दाचे शोध, एका विद्यापीठाच्या जिममधल्या हजेरीच्या नोंदी आणि लोकांनी स्वतःशी केलेले लेखी करार तपासले. वर्षाच्या सुरुवातीला तिन्ही वाढलेले दिसले. गंमत म्हणजे ही वाढ महिन्याच्या आणि आठवड्याच्या सुरुवातीलाही दिसली, म्हणजे सोमवारमध्येसुद्धा छोटंसं नववर्ष दडलेलं असतं. संशोधकांचं स्पष्टीकरण असं, की अशा तारखा मनात एक रेघ ओढतात. चुका करणारा तो मागचा मी, आणि हा आजचा मी वेगळा. जुनं खातं बंद करून नवं उघडल्यासारखं वाटतं आणि अंगात जोर येतो.

पण माणसाचे असे तुकडे पाडले, की येणारा मीसुद्धा परकाच होतो. एमिली प्रोनिन आणि सहकाऱ्यांच्या २००८ सालच्या एका प्रयोगात लोकांना केचप आणि सोया सॉस कालवून केलेलं एक घाणेरड्या चवीचं पेय दाखवलं आणि विज्ञानासाठी किती प्याल ते विचारलं. आत्ता स्वतः प्यायचं म्हटल्यावर लोकांनी थोडंसंच कबूल केलं. दुसऱ्या कुणासाठी ठरवायला सांगितलं तेव्हा माप सढळ झालं. आणि पुढे कधीतरी स्वतःलाच प्यायचं आहे असं सांगितलं, तेव्हाही माप दुसऱ्यासाठी होतं तसंच सढळ राहिलं!

३१ डिसेंबरच्या रात्री आपण नेमकं हेच करतो. पहाटे पाचला उठणं, रोज धावणं, साखर बंद, मोबाइल बंद, चिडचिड बंद. हे सगळं ज्याला करायचं आहे तो जानेवारीतला माणूस बैठकीला हजरच नसतो. त्याची झोप, त्याचं काम, त्याच्या घरची आजारपणं कुणी विचारात घेतलेली नसतात. जॅनेट पोलिवी आणि पीटर हर्मन या दोन संशोधकांनी अशा बेतांतल्या अवाजवी अपेक्षांना ‘खोट्या आशेचा विकार’ म्हटलं आहे. किती बदल होईल, किती लवकर होईल, किती सहज होईल आणि त्याने आयुष्य किती पालटेल, चारही बाबतींत माणूस स्वतःला चढा भाव सांगतो.

मग दहावा दिवस उजाडतो.

याच पीटर हर्मन यांचा १९७५ सालचा एक प्रयोग प्रसिद्ध आहे. सहभागी होत्या विद्यार्थिनी. त्यांतल्या काहींना आधी मिल्कशेक प्यायला दिला, काहींना नाही, आणि नंतर सगळ्यांसमोर आइसक्रीम ठेवून ‘चव कशी आहे ते सांगा, हवं तेवढं खा’ असं म्हटलं. ज्यांना खाण्यावर कसलाही निर्बंध नव्हता, त्यांनी मिल्कशेकनंतर आइसक्रीम कमी खाल्लं. पोट भरलेलं होतं, सरळ हिशेब. ज्या एरवी मोजूनमापून खायच्या, त्यांचं उलट झालं. मिल्कशेक पोटात गेल्यावर त्यांनी आइसक्रीम जास्त खाल्लं. पथ्य मोडलंच आहे, मग आज आता काय राखायचं! कोरी पानं अशीच कोरी राहतात.

व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात काम करणाऱ्या अ‍ॅलन मार्लॅट यांना हीच गोष्ट आणखी गंभीर रूपात दिसली. दारू सोडलेल्या माणसाने एक पेला घेतला, तर त्याला ते ‘पाय घसरणं’ म्हणत, आणि जुन्या व्यसनात पुरतं परत जाण्यापासून ते काटेकोरपणे वेगळं ठेवत. एका पेल्यापासून पुऱ्या घसरणीपर्यंतचा रस्ता काही आपोआप ठरत नाही. माणूस त्या पेल्याचा अर्थ काय लावतो, यावर तो बराचसा ठरतो. ‘काल लग्नघरात आग्रह झाला आणि मी बळी पडलो’ हा एक अर्थ. ‘मी आहेच असा, माझ्याने कधीच काही होणार नाही’ हा दुसरा. दुसऱ्या अर्थात दोष कायमचा आणि अंगभूत ठरतो, त्यातून शरम येते, आणि शरमेवरचं सवयीचं औषध म्हणजे पुन्हा तो पेलाच.

आता जे टिकतात त्यांच्याकडे पाहू. जॉन नॉरक्रॉस यांनी १९८० च्या दशकात नववर्षाचे संकल्प करणाऱ्या २०० जणांचा दोन वर्षं पाठपुरावा केला. आठवड्यानंतर ७७ टक्के लोक संकल्पावर टिकून होते, दोन वर्षांनी १९ टक्के. बातम्यांमध्ये हे उतरलेले आकडेच येतात, कारण हसायला सोपे असतात. त्याच अभ्यासातला दुसरा आकडा मला जास्त मोलाचा वाटतो. जे यशस्वी ठरले त्यांतल्या ५३ टक्के लोकांचा पाय किमान एकदा घसरला होता, आणि घसरण्याची दोन वर्षांतली सरासरी होती १४ वेळा. चौदा खाडे, आणि तरीही यादीत नाव यशस्वी लोकांच्याच.

लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी सवय कशी लागते ते ९६ जणांवर पाहिलं. जेवणाबरोबर फळ खाणं, चालायला जाणं, असं काहीतरी साधं रोज करायचं. ‘एकवीस दिवसांत सवय लागते’ हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल. त्याचा उगम १९६० साली एका प्लास्टिक सर्जनने पुस्तकात मांडलेल्या निरीक्षणाशी जोडला जातो: नव्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना किमान तीनेक आठवडे लागतात. यातला ‘किमान’ पुढे वाटेत कुठेतरी गळाला. लॅली यांच्या अभ्यासात मध्यांक निघाला ६६ दिवस (म्हणजे निम्म्यांना त्याहून कमी, निम्म्यांना जास्त), आणि माणसामाणसांतला फरक १८ पासून थेट २५४ दिवसांपर्यंत. त्यांनी आणखी एक गोष्ट तपासली. मध्ये एखादा दिवस चुकला, तर सवय लागण्याच्या वेगावर म्हणण्यासारखा परिणाम झाला नाही. खाड्याचं नुकसान आपल्याला वाटतं त्याच्या पासंगालाही पुरत नाही.

एवढं असूनही स्वतःशी मऊ वागायला माणसं घाबरतात. ‘स्वतःला माफ करत गेलो तर मी पार सैलावेन’ ही भीती मलाही आहे. ती तपासून पाहणारे प्रयोग झालेले आहेत. मायकेल वोल आणि टिमोथी पिचिल यांनी २०१० साली पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना विचारलं, की परीक्षेचा अभ्यास किती टाळलात आणि त्याबद्दल स्वतःला किती माफ केलंत. पहिल्या परीक्षेआधी टंगळमंगळ केलेल्यांपैकी ज्यांनी स्वतःला माफ केलं होतं, त्यांनी पुढच्या परीक्षेच्या वेळी टंगळमंगळ कमी केली. म्हणजे भीतीच्या नेमकं उलट. मनात अपराधाची बोच असली की पुस्तक उघडणंच नकोसं होतं, ती कमी झाली की हात पुस्तकाकडे जातो, असं त्यांना आढळलं.

जुलियाना ब्राइन्स आणि सेरेना चेन यांचा २०१२ सालचा प्रयोग याहून बारीक आहे. विद्यार्थ्यांना मुद्दाम अवघड शब्दपरीक्षा दिली. एका गटाला सांगितलं, की ही अनेकांना जड जाते, स्वतःवर फार चिडू नका. दुसऱ्या गटाची स्तुती केली: या विद्यापीठात प्रवेश मिळाला म्हणजे तुम्ही हुशारच असणार. तिसऱ्याला काहीच सांगितलं नाही. मग पुढच्या परीक्षेसाठी हवा तितका वेळ अभ्यास करायला मोकळं सोडलं. सर्वांत जास्त वेळ पहिला गट बसला. स्तुतीने ते साधलं नाही. कारण स्तुती चुकीवर पांघरूण घालते. मायेने बोललेलं वाक्य चुकीला चूक म्हणतं, पण त्यावरून माणसाची किंमत करत नाही.

क्रिस्टिन नेफ यांनी २००३ मध्ये या मायेची व्याख्या केली तेव्हा तिचे तीन धागे सांगितले: स्वतःशी प्रेमाने बोलणं, ‘हे सगळ्यांचंच होतं’ याची जाणीव, आणि दुःखाला न दडपता, न फुगवता त्याच्याकडे पाहणं. मधला धागा नववर्षात सगळ्यात आधी तुटतो. चारचौघांचे संकल्प जाहीर होतात, मोडतात ते गुपचूप. त्यामुळे जग धावतंय आणि आपणच तेवढे अंथरुणात, असं वाटत राहतं.

इथे थोडा हात आखडता घेतो. हे प्रयोग बरेचसे महाविद्यालयीन तरुणांवर, मोजक्या श्रीमंत देशांत झालेले आहेत, आणि पुष्कळ ठिकाणी लोकांनी स्वतःबद्दल सांगितलेल्या उत्तरांवरच भिस्त आहे. स्वतःशी मायेने वागणाऱ्यांमध्ये नैराश्य आणि चिंता कमी आढळतात हे अनेक अभ्यासांत दिसतं, पण मन बरं आहे म्हणून माया करता येते की माया केल्याने मन बरं राहतं, हे नुसत्या अशा संबंधावरून कळत नाही. दोन्ही थोडं थोडं खरं असावं.

जानेवारीबद्दलची सगळीच ‘शास्त्रीय’ माहिती काही शास्त्रीय नसते, हेही सांगायला हवं. या महिन्यातला तिसरा सोमवार म्हणे वर्षातला सगळ्यात उदास दिवस. हा ‘ब्लू मंडे’ २००५ साली एका पर्यटन वाहिनीच्या प्रसिद्धीपत्रकातून जन्मला. त्यासोबत हवामान, कर्ज वगैरे घालून केलेलं एक समीकरणही होतं, ज्याला काहीही अर्थ नाही. शिवाय अर्ध्या पृथ्वीवर तेव्हा भर उन्हाळा असतो.

पण नववर्षाचा पहिला दिवस काही जणांना खरोखर जड जातो, आणि हे जाहिरातीतलं नाही. १९७१ ते २०१९ या काळातल्या २६ देशांतल्या नोंदी तपासणारा एक मोठा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात आठवड्यातल्या वारांपैकी सोमवारी, आणि सणासुट्ट्यांपैकी नववर्षाच्या दिवशी आत्महत्येचा धोका वाढलेला आढळला. नवी सुरुवात सगळ्यांना जोर देतेच असं नाही. कुणाला ती मागची जमाखर्चाची वही समोर टाकल्यासारखी वाटते. म्हणून एक भेद ठेवावा. संकल्प मोडल्याची हळहळ दोनचार दिवसांत विरते. उदासी किंवा कशातच रस न वाटणं दिवसातला बहुतेक वेळ, जवळपास रोज, दोन आठवडे टिकलं, आणि त्याबरोबर झोप, भूक, एकाग्रता बिघडली, तर ते आजाराचं लक्षण असू शकतं आणि डॉक्टरांना दाखवायला हवं. मरणाचे विचार येत असतील तर दोन आठवडे मोजत बसायचं नाही. त्याच दिवशी जवळच्या माणसाला सांगायचं, डॉक्टर किंवा हेल्पलाइन गाठायची. तिथे डायरी आणि निर्धार यांचं काम नाही.

बाकीच्यांसाठी संशोधनातून दोन गोष्टी हाताला लागतात. स्वीडनमध्ये १,०६६ जणांच्या संकल्पांचा वर्षभर मागोवा घेणारा अभ्यास २०२० मध्ये आला. ‘अमुक करीन’ अशा संकल्पांत ५८.९ टक्के लोकांनी यश सांगितलं, ‘तमुक सोडीन’ अशांत ४७.१ टक्के. (यातल्या एका गटाला भरपूर मदत, एकाला थोडी, एकाला काहीच नाही, अशी विभागणी होती. जिंकला थोडी मदत मिळालेला गट. फार मागे लागून फायदा नाही, हे घरोघरी ठाऊक असावं.)

दुसरी गोष्ट ‘जर–तर’ची. पीटर गोलवित्झर यांनी दाखवलं आहे, की ‘व्यायाम करीन’ यापेक्षा ‘संध्याकाळी घरी आलो, की बूट न काढता फिरायला निघेन’ असं प्रसंगाला बांधलेलं वाक्य जास्त वेळा कृतीत उतरतं. हे तंत्र लोक पहिल्या दिवसासाठी वापरतात. मला वाटतं त्याची खरी जागा दहाव्या दिवशी आहे.

म्हणून यंदाच्या डायरीत मी १ जानेवारीचं पान सोडून दिलं आणि सरळ ११ तारखेच्या पानावर, शाई फिकी पडू नये म्हणून जाड पेनाने, लिहून ठेवलं: ‘कालचं पान कोरं असेल तर ते कोरंच राहू दे. मागचं भरून काढायचं नाही. आज दोन ओळी.’