लगाम हवेवर की इंधनावर?

डेन्व्हरहून पश्चिमेला जाणारा आय-७० महामार्ग रॉकी पर्वताचा कणा आयझेनहॉवर बोगद्यातून ओलांडतो. बोगद्याचे पश्चिमेचे तोंड ११,१५८ फुटांवर, म्हणजे सुमारे ३,४०० मीटर उंचीवर आहे. सिल्व्हरथॉर्न गावाकडून तिथे पोचायचे तर काही ठिकाणी ७ टक्क्यांचा चढ लागतो, म्हणजे १०० मीटर पुढे गेलात की ७ मीटर वर. उन्हाळ्याच्या सुट्टीत या चढावर पिकअप ट्रकच्या मागे जोडलेली फिरती घरे, म्हणजे कॅम्पर, एकामागे एक चढताना दिसतात. डोळे मिटून ऐकले तरी कुठला ट्रक कुठल्या इंधनावर चालतो ते कळते. पेट्रोलचा ट्रक टिपेच्या स्वरात ओरडत असतो, डिझेलचा खालच्या पट्टीत घुमत असतो. (अमेरिकेत पेट्रोलला ‘गॅस’ म्हणतात. तिथला ‘गॅस ट्रक’ सीएनजीवर चालत नाही.)

कॅम्पर ओढायला कोणता ट्रक घ्यावा, हा तिथल्या घराघरांतला वाद आहे. बहुतेक जण टॉर्कचे, म्हणजे इंजिनाच्या पिळण्याच्या जोराचे, आकडे तोंडावर फेकून तो मिटवू पाहतात. मला हे आकडे अपुरे वाटतात. मूळ फरक त्यांच्या आधी, इंजिन हवा कशी घेते तिथेच पडतो.

पेट्रोल इंजिनात हवा आणि पेट्रोल ठराविक प्रमाणात मिसळावे लागते. वजनाने पाहिले तर एक भाग पेट्रोलला साधारण पावणेपंधरा भाग हवा. हे प्रमाण फार ढळून चालत नाही. मग जोर कमी हवा असेल तेव्हा काय करायचे? हवेचीच वाट अडवायची. ते काम थ्रॉटलची झडप करते. आपण ज्याला ॲक्सिलरेटर म्हणतो तो पेट्रोल गाडीत हवेची झडप उघडत असतो. डिझेल इंजिनात हवेला अशी अडवणूक नसते. सिलिंडर दर वेळी पोटभर हवा घेतो, आणि जोर किती हवा त्यानुसार डिझेलचा फवारा कमी-जास्त होतो. एक इंजिन हवेवर लगाम घालते, दुसरे इंधनावर.

डिझेलमध्ये ठिणगीही लागत नाही. सायकलला हवा भरताना पंपाचे तळ गरम होते, तीच गोष्ट इथे टोकाला नेलेली असते. हवा दाबून तिचे आकारमान सुमारे सोळाव्या भागावर आणले की तिचे तापमान ५०० अंश सेल्सिअसच्या वर जाते आणि त्यात फवारलेले डिझेल आपोआप पेटते. पेट्रोल इंजिनाला इतका दाब परवडत नाही. तिथे हवेबरोबर पेट्रोलही दाबले जाते आणि ते ठिणगीच्या आधीच भडकले तर इंजिन ठोकायला लागते. म्हणून पेट्रोल ट्रक आकारमान साधारण दहाव्या भागावर आणून थांबतात. जितका दाब जास्त, तितके उष्णतेतून निघणारे काम जास्त. रुडॉल्फ डिझेलने १८९७ मध्ये जर्मनीतील ऑग्सबर्ग येथे आपले इंजिन चालवून दाखवले, तेव्हा इंधनातल्या ऊर्जेपैकी सुमारे २६ टक्के ऊर्जा कामी आली होती. आजची ट्रकची डिझेल इंजिने ४० टक्क्यांच्या पुढे जातात. शिवाय लिटरभर डिझेलमध्ये लिटरभर पेट्रोलपेक्षा दहा-पंधरा टक्के ऊर्जा जास्त असते, कारण ते मुळात अधिक घट्ट इंधन आहे.

आता पुन्हा त्या चढावर येऊ. समजा ट्रक, माणसे आणि कॅम्पर मिळून ८,००० किलो वजन आहे आणि ताशी ८० किलोमीटरने ७ टक्क्यांचा चढ चढायचा आहे. नुसते वजन वर उचलायला सुमारे १६५ अश्वशक्ती लागते. कॅम्परच्या सपाट तोंडावर आदळणारी हवा आणि टायरांचे घर्षण मिळून आणखी पन्नासेक. गिअरबॉक्समध्ये वाया जाणारी धरली की इंजिनाकडून साधारण २५० अश्वशक्ती हवी.

फोर्डच्या २०२० सालच्या सुपर ड्यूटी ट्रकमध्ये दोन्ही पर्याय होते. ७.३ लिटरचे पेट्रोल इंजिन ४३० अश्वशक्तीचे, ६.७ लिटरचे डिझेल ४७५चे. कागदावर फरक किरकोळ आहे आणि २५० तर दोघांनाही सहज जमायला हवी. पण बोगद्याजवळ हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांशच उरतो. पेट्रोलचे हे इंजिन बिनटर्बोचे, बाहेर जी हवा असेल तीच ओढणारे. (टर्बो म्हणजे इंजिनाच्या धुराच्या जोरावर फिरून सिलिंडरात हवा कोंबणारा पंखा.) त्याची ताकदही तितकीच घटते आणि ४३० पैकी २९०च्या आसपास उरते, तीही मिनिटाला ५,५०० फेऱ्यांवर. २५० अश्वशक्ती मिळवायला त्याला ४,०००च्या वर फिरत राहावे लागते. म्हणून ते ओरडते. डिझेलच्या टर्बोला मात्र विरळ हवा दाबून भरता येते, त्यामुळे त्याची ताकद फारशी घटत नाही. टॉर्क १,४२४ न्यूटन-मीटर आणि तोही १,६०० फेऱ्यांवर, त्यामुळे २५० अश्वशक्ती त्याला दोन हजार फेऱ्यांच्या आतच सापडते.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. चढ किती वेगाने चढणार हे टॉर्क ठरवत नाही, अश्वशक्ती ठरवते. कमी टॉर्क गिअरने वाढवता येतो. पेट्रोलचा ट्रक बंद पडत नाही, वरही पोचतो आणि त्या ओरडण्याने त्याचे काही बिघडत नाही, तो त्यासाठीच बनवलेला असतो. टर्बो पेट्रोललाही लावतात. फक्त दाब वाढवला की ठोकण्याचा धोका वाढतो, आणि डिझेलला तो धोका तसा नसतो. फ्लोरिडासारख्या सपाट, समुद्राजवळच्या राज्यात फिरणाऱ्याला या साऱ्या हिशेबाची गरजच पडत नाही.

चढापेक्षा मला उताराची काळजी जास्त वाटते. बोगद्यातून सिल्व्हरथॉर्नपर्यंत सुमारे ६५० मीटर खाली उतरावे लागते. ८,००० किलोच्या गाडीची यात जी ऊर्जा मोकळी होते, तिच्यात दीडशे लिटर पाणी साध्या तापमानापासून उकळीपर्यंत नेता येईल. थोडी हवा खाते, थोडी टायर खातात. उरलेली सगळी ब्रेकनी गिळायची म्हटली तर ते लालबुंद होऊन निकामी होतात. घाटात ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा, असे आपल्याकडचे ट्रक ड्रायव्हर सांगतात, ते याचसाठी.

आणि नेमके इथे डिझेलचा गुणच अवगुण होतो. पेट्रोल इंजिनात पाय काढला की थ्रॉटल मिटते, सिलिंडर बंद दारातून हवा ओढायला धडपडतात आणि त्या धडपडीतून गाडी रोखली जाते. डिझेलमध्ये दारच नाही. हवा दाबली जाते आणि स्प्रिंगसारखी उसळून पिस्टनला बहुतेक सगळे काम परत देते. इंजिन-निर्माते क्लेसी कमिन्स १९३१ मध्ये डिझेल ट्रक घेऊन कॅलिफोर्नियातला काहोन घाट उतरत होते. ब्रेक तापून निकामी झाले आणि पायथ्याला रेल्वे फाटकातून मालगाडी जात होती. ते थोडक्यात वाचले. पुढे त्यांनी दाबलेली हवा उसळण्याआधीच बाहेर सोडून देणारा ब्रेक शोधला. १९६१ पासून तो ‘जेक ब्रेक’ म्हणून बाजारात आला. आजच्या डिझेल पिकअपमध्ये याहून साधी युक्ती असते. टर्बोची पाती मिटून धुराची वाट अडवली जाते आणि पिस्टन त्या दाबाशी झुंजत राहतात. एक बटण दाबले की गाडी ब्रेकला हात न लावता संथ उतरते. माझ्या मते डिझेलचे जास्तीचे पैसे कशासाठी मोजायचे असतील, तर या बटणासाठी.

ते पैसे थोडेथोडके नाहीत. मोठ्या पिकअपला डिझेल इंजिन घ्यायचे तर सुमारे १० हजार डॉलर जास्त पडतात. ओढताना पेट्रोल गॅलनला ८ मैल आणि डिझेल ११ मैल देते असे मानू, दर अनुक्रमे ३.२० आणि ३.८० डॉलर धरू. मैलामागे साडेपाच सेंट वाचतात, म्हणजे दहा हजार वसूल व्हायला सुमारे १ लाख ८० हजार मैल कॅम्पर ओढावा लागेल. वर्षाला दोन सहली करणाऱ्याच्या हातून ते होणे नाही. शिवाय डिझेल ट्रकमध्ये धुरातली काजळी पकडणारी गाळणी असते. ती स्वतःला साफ करते ते काजळी जाळून, आणि त्यासाठी लांबचा, तापलेला प्रवास लागतो. आठवडाभर फक्त मुलांना शाळेत सोडणे आणि किराणा आणणे चालले तर ती तुंबते. नायट्रोजनची प्रदूषके मारायला ३२.५ टक्के युरियाचे पाणीही भरत राहावे लागते. बीएस-६ नंतर आपल्याकडच्या डिझेल ट्रकवाल्यांच्या ते ओळखीचे झाले आहे. ते उणे ११ अंशांना गोठते, म्हणून अमेरिकेतल्या हिवाळ्यात त्याची टाकीही तापवावी लागते.

राहिला तो हिशेब, जो दुकानात कोणी आपणहून सांगत नाही. डिझेल इंजिन जड असते आणि ते वजन ट्रकच्या स्वतःच्या वहनक्षमतेतून वजा होते. एकूण वजनाची मर्यादा १०,००० पौंड असलेला ट्रक घ्या. रिकामा डिझेल ट्रक ७,५०० पौंड भरला तर उरले २,५००. तोच पेट्रोलमध्ये ६,९०० भरला तर उरले ३,१००. आता १०,००० पौंडांचा फिफ्थ व्हील कॅम्पर, म्हणजे ज्याचे पुढचे टोक ट्रकच्या मागच्या हौद्यातल्या जोडावर टेकते असा कॅम्पर, जोडला की त्याच्या वजनाचा पाचवा भाग, २,००० पौंड, ट्रकच्या पाठीवर येतो. चार माणसे आणि सामान मिळून ७०० धरा. बेरीज २,७००. पेट्रोलच्या ट्रकला हे पेलते. डिझेलचा ट्रक त्याहून जड कॅम्पर ओढू शकतो, पण हा भार पाठीवर घेणे त्याच्या मर्यादेबाहेर जाते.

वहनक्षमतेचा हा आकडा जाहिरातीत शोधू नका, प्रत्येक ट्रकचा वेगळा असतो. ड्रायव्हरचा दरवाजा उघडला की चौकटीवर एक लेबल दिसते. माणसे आणि सामान मिळून किती पौंडांच्या वर जाऊ नये, ते तिथे छापलेले असते. सौदा करण्याआधी त्याचा फोटो काढा, आणि पहिल्या सहलीला निघताना पाण्याच्या टाक्या भरून, मुलांना बसवून, ट्रक स्टॉपवरच्या वजनकाट्यावर गाडी एकदा चढवा.