स्त्रिया, शांतता आणि सुरक्षा : कोकण किनारपट्टी

संघर्ष टाळणे, पेटलाच तर तो मिटवणे आणि नंतर विस्कटलेली घडी पुन्हा बसवणे या तिन्ही कामांत निर्णय घेणाऱ्यांमध्ये स्त्रिया असाव्यात, या मागणीला आंतरराष्ट्रीय व्यवहारात ‘महिला, शांतता आणि सुरक्षा’ असे नाव आहे. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने ३१ ऑक्टोबर २००० रोजी एकमताने संमत केलेला ठराव क्रमांक १३२५ हा तिचा आधार. त्या महिन्यात परिषदेचे अध्यक्षपद नामिबियाकडे होते. सहभाग, संरक्षण, प्रतिबंध आणि मदत-पुनर्वसन ही या धोरणाची चार अंगे मानली जातात. शंभराहून अधिक देशांनी त्यासाठी स्वतःचे कृती आराखडे केले. भारताने केलेला नाही. मात्र शांतिसेनेतली पहिली सर्व-महिला पोलीस तुकडी भारतानेच २००७ मध्ये लायबेरियात पाठवली.

कोकणात युद्ध नाही. त्यामुळे ठरावाचा शब्दशः अंमल इथे लागू होत नाही, पण त्यातला मूळ प्रश्न लागू होतो : राखण कोण करते, आणि बोलणी करायला कोणाला बोलावतात? या किनाऱ्यावर तो जरा वेगळ्या तऱ्हेने उभा राहतो. पिढ्यान्‌पिढ्या पुरुष मुंबईला चाकरमानी झाले, कोळीवाड्यांतले पुरुष दर्यावर गेले, आणि गाव बायकांच्या हाती राहिले. २०११च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या, सिंधुदुर्गात १०३६. तेव्हा राज्याची सरासरी ९२९ होती. म्हणजे किनाऱ्यावर कायम हजर असणारी माणसे बहुतांशी बायामाणसे आहेत. किनाऱ्याची सुरक्षा मात्र त्यांना धरून आखलेली नाही.

१९९३च्या सुरुवातीला रायगड जिल्ह्यातील दिघी आणि शेखाडी इथे शस्त्रे व स्फोटके उतरवली गेली. १२ मार्चला मुंबईत झालेल्या बॉम्बस्फोटमालिकेत २५७ जण मृत्युमुखी पडले. त्यानंतर नौदल आणि तटरक्षक दलाची संयुक्त गस्त ‘ऑपरेशन स्वान’ या नावाने सुरू झाली. २६ नोव्हेंबर २००८ रोजी दहा हल्लेखोर पुन्हा समुद्रमार्गेच आले. कफ परेडच्या मच्छीमारनगराजवळ ते उतरले तेव्हा त्यांना हटकणारे पोलीस नव्हते, वस्तीतले लोक होते. पुढे सागरी पोलीस ठाणी वाढली, ‘सागर कवच’ सराव होऊ लागले, मच्छीमारांची सागर रक्षक दले गावोगाव बांधली गेली. ही सारी रचना होडीभोवती फिरते, आणि कोकणात होडीवर बाई जात नाही. किनाऱ्यावर जाळी, सुकवायला घातलेले बोंबील आणि मासळीच्या पाट्या यांच्यात दिवस काढणारी कोळीण अनोळखी बोट किंवा अनोळखी माणूस सर्वांत आधी पाहते, ही साधी गोष्ट या आखणीत कुठे बसत नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये हरिहरेश्वरच्या किनाऱ्याला रायफली असलेली बेवारस बोट लागली. तिच्यामागे घातपात नव्हता असे पुढे निष्पन्न झाले, पण काय काय वाहत येऊ शकते ते त्या दिवशी सर्वांना दिसले.

याच नाण्याची दुसरी बाजू म्हणजे सुरक्षेसाठी आलेल्या यंत्रणेपासूनच संरक्षण लागणे. गुहागर तालुक्यातील एन्रॉनच्या दाभोळ वीजप्रकल्पाला विरोध होत असताना ३ जून १९९७ रोजी पहाटे पोलीस वेलदूर या मच्छीमार गावात शिरले. पुरुष समुद्रावर होते. घरात सापडलेल्या बायकांना मारहाण झाली, अनेकींना अटक झाली. अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनल आणि ह्यूमन राइट्स वॉच या संस्थांच्या अहवालांत त्याची नोंद आहे. सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी स्त्रीला अटक करू नये, अपवाद असलाच तर महिला पोलीस अधिकाऱ्याने दंडाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी घेऊन ती करावी, ही तरतूद फौजदारी प्रक्रिया संहितेत २००५च्या दुरुस्तीने आली. वेलदूरच्या बायकांना तिचा उपयोग झाला नाही. पुढे राजापूर तालुक्यात जैतापूरचा अणुऊर्जा प्रकल्प आणि बारसूचा तेलशुद्धीकरण प्रकल्प यांवरून संघर्ष झाले. एप्रिल २०२३ मध्ये बारसूच्या सड्यावर माती परीक्षण सुरू झाले तेव्हा पोलिसांच्या गाड्यांपुढे रस्त्यावर आडव्या झालेल्यांत बायका पुढे होत्या. मोर्चात पुढे आणि बैठकीत मागे, हे कोकणातल्या आंदोलनांचे जुनेच दुखणे आहे. ठराव १३२५ जगभरच्या तहांबद्दल याहून वेगळी तक्रार करत नाही.

गावातला तंटा मिटवण्याची कोकणातली जुनी जागा म्हणजे गावकी. तिथे मानकरी बसतात, निवाडा पुरुष करतात. निवाडा न मानणाऱ्याला वाळीत टाकण्याची रीत रायगड-रत्नागिरीत अलीकडेपर्यंत ऐकू येत होती. शिक्षा कुटुंबाला झाली तरी तिची झळ कोणाला लागते हे पाहण्यासारखे आहे : विहिरीवर, गिरणीवर, दुकानात, हळदीकुंकवाला जाते ती बाई. आणि जिथे शिक्षा ठरते त्या बैठकीला तिला बोलावणे नसते. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राने केलेला २०१६चा कायदा जुलै २०१७ पासून लागू झाला. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम २००७ मध्ये सुरू झाली. तंटा गावातच सामोपचाराने मिटवण्याची तिची कल्पना चांगली होती. पण समितीत गावकीचेच चेहरे बसले तर बाईचे गाऱ्हाणे ‘घरातली भानगड’ म्हणून परत पाठवले जाते.

हाती असलेली खरी हत्यारे पंचायतीच्या कायद्यात आहेत. १९९३ पासून पंचायतींत एक-तृतीयांश आणि महाराष्ट्रात २०११ पासून निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. दारूमुळे होणाऱ्या मारहाणीवर तर बायकांनी मतपेटीतूनच उपाय केला आहे : गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी ‘आडवी बाटली’ या चिन्हापुढे शिक्का मारला की दुकान बंद होते. ग्रामसभेआधी स्त्रियांची वेगळी सभा घेणे राज्याच्या कायद्याने बंधनकारक आहे, आणि अनोळखी बोटीची खबर कोणी कोणाला द्यायची इथपासून बंदरावरच्या दिव्यापर्यंत सर्व काही तिथे मांडता येते. फक्त ती होड्या बंदराला लागायच्या वेळी ठेवली, तर कोळणी लिलावात असतात आणि सह्यांचे रकाने कोरे राहतात.